बुजगावण्याचा शर्ट

सावरटोला, राजेगावजवळ
दि. ७ सप्टेंबर २०२५

ती. संध्याताईस,
अश्विनचा सप्रेम जयभीम.

तुह्या हुकुमाप्रमानं पंधरा दिवसाचं पत्र लिहून राह्यलो. फोनवर हेच काम पाच मिनटात झालं असतं, पन तू टीचर पडली, अन् तुले वाटते का मी बार्डरच्या इकडं हिंदी शाळेत शिकून मराठी भुलून गेलो. भुललो नाई, बस थोडी गडबड होते. यावेळी चुका लाल पेनानं काढून पाठवू नको. मागच्या टाइमले मायनं ते लाल लाल पाहून मले विचारलं का संध्याच्या घरी कोन सीरियस हाये.

पाय कसा हाये? प्लास्टरवर तुह्या शाळेतल्या पोरींनी फुलं काढली असं भाऊजी सांगत होते. फोटो पाठव. स्कूटी विकून टाक, वैसे बी तुले चालवता येत नाई.

इकडं लवकरचा हलका धान निसवला, लोंब्या आल्या; उशिराचा भारी धान अजून पोटरीत हाये. पोपट उतरायच्या आधी मायनं बुजगावनं उभं केलं. या सालीबी शर्ट तोच, बाबाचा निळ्या रेघांचा, जो ते बाजाराले घालून जायचे. डोक्याले मडकं अन् मडक्यावर कोळशानं डोळे. दर बाजाराच्या दिवशी माय शर्ट उतरवून घरी आनते, धुते, सुकला का परत घालून येते. मी तिले म्हनलं का माय, शर्ट मैला असला तरी पाखरं भेतातच. तं ती म्हने, पाखरासाठी कोन धुते.

एक टेंशनची गोष्ट हाये. बाबाच्या मोबाइलवर मैसेज आला का किसानच्या हप्त्यासाठी केवायसी करा. आता अंगठा नाई, ज्याचा हप्ता त्यानं स्वतः मोबाइलमंधी तोंड दाखवाचं अन् डोळे मिचकवाचे. नाई केलं तं हप्ता बंद. तुले मालूम हाये, माय त्या हप्त्यातला एक रुपया काढत नाई. तिले फक्त मैसेज पाहिजे. मी वाचून दाखवतो, महागू उके, आपल्या खात्यात रक्कम जमा, अन् त्या दिवशी ती गोड करते. तिचं म्हननं असं का सरकार मेलेल्या मानसाले पैसे देत नाई, मतलब ते कुठंतरी हायेत. मैसेज बंद झाला तं तिले काय सांगू, ते तू लिही.

राखी खैरलांजीले बरी हाये. आमच्या लगनाले हो म्हनाच्या आधी तिच्या बापाचं तेच चालू हाये, पोराच्या नावावर जमीन कधी होते.

लोभ कमी करू नको.
तुहा भाऊ,
अश्विन


अर्जुनी मोरगाव
दि. १६ सप्टेंबर २०२५

चि. अश्विन यास,
ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. मागच्या वेळी सतरा चुका होत्या, यावेळी अकरा. प्रगती आहे. लाल पेन मी कपाटात ठेवून दिला, मायला सांग. माझं हाड दोन ठिकाणी मोडलंय, प्लास्टर नोव्हेंबर लागल्याशिवाय निघत नाही, तोवर मला गाडीत बसवायला कुणी तयार नाही. नाहीतर हे सगळं मी समोर बसून बोलले असते आणि तुझा कानही धरला असता.

गेल्या गुरुवारी तीन वर्षं झाली. बाबा संध्याकाळी पुराचं पाणी बांधाला लागलं का ते पाहायला गेले आणि आले नाहीत. सायकल सापडली, ते सापडले नाहीत. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या घरात हे कुणी तोंडाने बोलत नाही. आपण पुण्यानुमोदनसुद्धा केलं नाही, मायने करू दिलं नाही. परित्राण पाठ नाही, भोजनदान नाही, फोटोला हार नाही. त्याऐवजी शेतात एक शर्ट उभा आहे आणि तो दर आठवड्याला धुतला जातो. अश्विन, आपण बाबासाहेबांची माणसं. हे बरं नाही.

हप्ता बंद होतोय तर होऊ दे. मायला समजावून सांग की तो मेसेज बाबा पाठवत नाहीत, एक कॉम्प्युटर पाठवतो आणि त्याला कुणी सांगितलंच नाही की बाबा नाहीत. मी इथे एका वकिलाला विचारलं. पुरात वाहून गेलेल्या माणसाची चौकशी करून दाखला मिळतो, तू अर्ज तेवढा दे. दाखला मिळाला की फौती होईल, जमीन मायच्या आणि तुझ्या नावावर लागेल. मला त्यातलं काही नको, मी लिहून देईन. तू सव्वीस वर्षांचा आहेस आणि तुझ्या नावावर एक मोटारसायकल सोडून काही नाही. राखीचे वडील चुकीचं विचारत नाहीत.

आणि अजून एक. त्या दिवशी बांधावर जायची पाळी कुणाची होती, हे तू मनात घोळवत बसतोस, मला माहीत आहे. ते सोडून दे. तू गेला असतास तर आज मी तुझ्यासाठी रडत असते, एवढाच फरक.

जेवत जा. मायला माझा जयभीम. माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई,
संध्या


सावरटोला
दि. २५ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
अश्विनचा सप्रेम जयभीम.

तू रागावशील, म्हनून आधीच सांगतो का मायची तबियत आता एकदम ठीक हाये. बाकीचं नंतर वाच.

तू लिहिलं तसं मी तिले समजावलं. कॉम्प्युटरचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, अन् दुसऱ्या दिवसापासून जेवनच सोडलं. रडली नाई, भांडली नाई. फक्त पानी घ्याची अन् बांधावर जाऊन बसाची. चौथ्या दिवशी तिथंच चक्कर येऊन पडली. मी उचलून आनली, तं अंगात काही वजनच नव्हतं. ती म्हने का तीन साल मी काही म्हनलं नाई, आता तुम्ही दोघं मिळून त्यायले मारून राह्यले.

मंग मी काय करू, ताई. सगळे म्हनतात का माहं तोंड बाबासारखं हाये. दाढी मी वाढवलीच होती. मायनं केसाले तेल लावून बाबासारखा डाव्या बाजूनं भांग पाडला. त्याचा चष्मा पेटीत होता, तो घातला. शर्ट पाहिजे म्हनून तीच शेतात गेली अन् बुजगावन्याच्या अंगचा काढून आनला. उन्हानं गरम होता. घातला तं खांद्यात बरोबर बसला, पहिले मले ढिला व्हायचा.

मोबाइल समोर धरला. त्यात एक गोल येते, त्या गोलात तोंड धराचं. मंग लिहून येते का डोळे मिचकवा. मी मिचकवले. पहिल्याच टाइमले हिरवं झालं अन् नाव आलं, महागू उके. लोकं स्वतःच्या तोंडानं चार चार डाव करतात, तरी त्याहीचं होत नाई. मी हसलो, म्हनलं मशीनबी फसली. माय हसली नाई. ती उठली, भाकर टाकली, अन् मले बाबाच्या पितळी ताटात वाढलं. तिनं माह्यासंग बसून पोटभर खाल्लं, मतलब माहं काम झालं.

पाळीचं तू सोडून दे म्हनते. माहीच पाळी होती. मी लांजीले क्रिकेट पाहाले गेलतो अन् बाबाले सांगून गेलतो का मी आल्यावर जातो. आलो तं सात वाजले होते. हे मी कोनाले सांगितलं नाई, तुलेच पहिल्यांदा लिहून राह्यलो.

शर्ट अजून परत घातला नाई. बुजगावनं उघडंच हाये, काठ्या दिसतात. रागाव, पन पत्र लिही.
तुहा,
अश्विन


अर्जुनी मोरगाव
दि. ३ ऑक्टोबर २०२५

चि. अश्विन यास,
ताईचे आशीर्वाद.

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. इथून सगळे दीक्षाभूमीला गेले, मी खिडकीत पाय वर ठेवून बसले आणि तुझं पत्र चार वेळा वाचलं. रागावले तर आहेच. दुसऱ्या माणसाच्या नावाने सरकारला तोंड दाखवणं हा गुन्हा आहे, तो माणूस आपला बाप असला तरी. उद्या चौकशी आली तर तुरुंगात तू जाशील, मशीन जाणार नाही.

मशीनने काही मोठा चमत्कार केलेला नाही. बाबांचा आधारचा फोटो धुरकट आहे, तुझी हनुवटी आणि कपाळ त्यांचंच, वर त्यांचा चष्मा. मी वर्गात दोन बहिणींच्या हजेरीत रोज गोंधळते, मशीन एकदा गोंधळलं.

पण मला गुन्ह्याचीही तेवढी भीती वाटली नाही. भीती वाटली ती ताटाची. त्या ताटात बाबांशिवाय कुणी जेवलेलं मी पाहिलं नाही, आपण आजारी असतानाही नाही. मायचं दुःख मला कळतं, पण तू तिला पाहिजे ते सगळं होऊ शकत नाहीस. तू तिचा मुलगा आहेस, तेवढा राहा.

म्हणून तीन कामं कर. शर्ट पुन्हा बुजगावण्याला घाल, आजच. दाढी काढ. आणि सोसायटीत जाऊन धान विकायची नोंदणी तुझ्या नावाने, तुझ्या अंगठ्याने कर. कसणारा तू आहेस, तू तसं लिहून देऊ शकतोस. निदान एका कागदावर तरी अश्विन उके हे नाव लागू दे. दाखल्याचा अर्ज मी इथे तयार करून ठेवते.

क्रिकेटचं तू मला सांगितलंस, बरं केलंस. मी काही दगड नाही, ते वाचून पत्र घडी घालून ठेवलं आणि मग पुन्हा उघडलं. पण मी तुला बोल लावत नाही. बाबांनीही लावला नसता.

उत्तर लवकर दे, वाट पाहते.
तुझी ताई,
संध्या


सावरटोला
दि. १५ ऑक्टोबर २०२५

॥ नमो बुद्धाय ॥

ती. ताईस जयभीम.

पत्र पोचलं. दाढी काढाले बसलो होतो, तं मायनं वस्तरा लपवून ठेवला. शर्टाचंबी तसंच. मी नेऊन बुजगावन्याले घातला, संध्याकाळी घरी आलो तं तो माह्या खुंटीले टांगलेला, धुतलेला. दोन डाव असं झालं. मंग मी नाद सोडला. अंगात शर्ट असला का ती बरी राहते, अन् खरं सांगतो, मलेबी बरं वाटते.

तू म्हनली म्हनून सोसायटीत गेलतो. तिथं भोजराज बसते, तुह्या वर्गातला. त्यानं माहा आधारचा नंबर टाकला, मी अंगठा लावला. जुळला नाई. साबनानं हात धुवून लावला, दुसऱ्या हाताचा लावला, नाई. भोजराज म्हने का चिखलातल्या रोवन्यानं सगळ्याच्याच रेघा मिटतात, पुढच्या आठवड्यात ये. शर्टाच्या खिशात मायनं बाबाच्या नंबरची चिठ्ठी ठेवली होती. का कोन जाने, मी ती पुढं केली. त्यानं नंबर टाकला. अंगठा ठेवला, अन् एका दमात आवाज झाला. महागू उके. भोजराजनं वर पाहिलंबी नाई, पावती फाडून देल्ली.

तोंडाचं तू सांगितलं, ते पटलं. अंगठ्याचं मी तुले विचारतो. तू शिकलेली हायेस. अंगठा बापाचा लेकाले येते काय?

धान चांगला हाये. वावरातल्या वरच्या बांधीले पानी कमी होतं, ते मी बांधातल्या तिसऱ्या घळीतून काढून घेतलं. तिसरी घळ कुठं होती, हे आतापर्यंत मले माहीत नव्हतं. मातीखाली बुजली होती. फावडं घेऊन सरळ तिथं गेलो अन् उकरली.

चष्म्याचा नंबर बरोबर लागला. आता त्याच्याशिवाय अक्षर दिसत नाही, हे पत्रबी तोच लावून लिहिलं. पायाची काळजी घेशील, मास्तरीन. थंडीत हाड दुखते.

कळावे.
अश्विन


अर्जुनी मोरगाव
दि. २५ ऑक्टोबर २०२५

अश्विन,
जयभीम.

आज मी चुका मोजल्या नाहीत, कारण मोजायला काही नव्हतं. मतलब नाही, टाइम नाही, गडबड नाही. तुझ्या पत्रात एकही हिंदी शब्द नाही. दोन महिन्यांपूर्वी मी यासाठी पेढे वाटले असते.

वर नमो बुद्धाय आणि दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा, असं बाबा लिहायचे. हॉस्टेलवर आलेली त्यांची सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. ट्रंक उघडून तुझं पत्र त्यांच्या शेजारी ठेवलं. अक्षराचं मी काही लिहीत नाही. तुला मराठी अक्षरं त्यांनीच शिकवली, असं मी दिवसभर स्वतःला सांगतेय.

आणि मास्तरीण. मी पाच वर्षांची असताना कोंबड्यांची शाळा घ्यायचे, तेव्हा बाबांनी ते नाव ठेवलं. जगात दुसरं कुणी मला त्या नावाने हाक मारत नाही. तू कधीच मारली नाहीस. माय पण नाही.

परवा राखीचा फोन आला. रडत होती, म्हणून नीट कळेना. ती आईला घेऊन तुमच्याकडे आली होती, तू बांधावर उभा होतास. तिला पाहून तू हात जोडून जयभीम केलास, घरी आणून खाटेवर बसवलंस, मायला चहा ठेवायला सांगितलंस, निघताना हातावर अकरा रुपये ठेवलेस आणि म्हणालास की अश्विन घरी नाही, आला की सांगतो. तिला वाटलं तू मस्करी करतोयस. ती तू हसशील म्हणून वाट पाहत उभी राहिली. तू चष्मा पुसत होतास.

अंगठ्याचं मला माहीत नाही. बापाचा अंगठा लेकाला येत नाही, हे मी दहावीला शिकवते. भोजराजकडून नंबरात चूक झाली असेल. तसंच झालं असेल.

आता माझं ऐक. आजच्या आज बस पकड आणि इकडे ये. मायला शेजारच्या सीताकाकू पाहतील, मी त्यांना फोन केलाय. तो शर्ट घालून येऊ नकोस. तुझा पिवळा टी-शर्ट घाल, दहा नंबरचा, जो मी तुला नागपूरहून आणला होता आणि जो तू धुवायलासुद्धा काढत नव्हतास. स्टँडवर मला तो दिसला पाहिजे. मी कुबडी घेऊन उभी राहीन.

ये रे.
ताई


सावरटोला
दि. २ नोव्हेंबर २०२५

॥ नमो बुद्धाय ॥

ती. ताईस जयभीम.

तू ये म्हनलं होतं, पन धान टाकून कसं निघावं. हलका धान कापून झाला. भारे बांधून झाले, मळनीचा चुरना पुढच्या आठवड्यात धरू. पाच मजूर लावले होते, जुन्या ओळखीचे. सुखरामनं मले पाहून विचारलं का महागूभाऊ, इतके दिवस कुठी होते. मी म्हनलं, इथंच होतो.

तुही माय सुधारली. गालावर मांस चढलं. सकाळी अंगन झाडताना गुनगुनते, हे मी किती वर्षांनी ऐकलं. तेवढ्यासाठी मानसानं काहीबी करावं, असं वाटते.

अश्विनचं तू लई मनाले लावून घेते. तो पोरगा वाईट नाही. खेळकर होता, कामात लक्ष कमी, पन मनानं साफ. त्या दिवशी त्याची पाळी होती, तो विसरला. मी त्याले कधी बोललो काय? मानूस आपल्या पायानं जाते, कोनी ढकलत नाही. पानी थंड होतं, एवढंच ध्यानात हाये. बाकी बांधापर्यंतचा रस्ता पाठ होता, येतानाबी तो चुकला नाही. वेळ लागला, इतकंच.

तू भेतेस, हे अक्षरावरून दिसते. नववीत असतानाबी तशीच भेली होतीस. हॉस्टेलातून पळून आली अन् पुलाखाली दप्तर घेऊन बसली. मी बाजाराहून येत होतो. आपन दोघं फुटाने खात बसलो, अन् तुले पाच वाजताच्या बसनं परत पाठवलं. घरी कोनाले सांगितलं नाही. तुले म्हनलं होतं, हे नदीले माहीत अन् मले माहीत. मी शब्द पाळला, मास्तरीन.

प्लास्टर निघालं का कळवशील. एरंडीचं तेल कोमट करून लाव.

तुहा


अर्जुनी मोरगाव
दि. १० नोव्हेंबर २०२५

ती. बाबांच्या चरणी,
संध्याचा जयभीम.

अश्विनच्या नावानं दोन पत्रं टाकली, त्यायचं उत्तर आलं नाही. म्हनून हे तुमच्या नावानं, आपल्या घरच्या बोलीत लिहून राह्यली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, बाबा. हे पत्र मी कोनाले दाखवू शकत नाही. मायले मी फोन करून पुलाचं विचारलं. तिले काहीच माहीत नव्हतं. अश्विन तेव्हा दोन वर्षांचा होता, पाळन्यात.

तुम्ही असान तं माहं ऐका. नसान तं हे अश्विननं वाचावं, अन् मले एकच ओळ लिहावी, त्याच्या घानेरड्या मराठीत, अकरा चुका करून.

तीन वर्षं मी तुमच्यासाठी नीट रडली नाही. माय म्हने हायेत, मी म्हनो नाहीत, त्या भांडनात रडाचं राहून गेलं. तुम्ही परत यावं असं मले वाटलं नसन काय? हॉस्टेलातल्या त्या पत्रांची घडी मी अजून तशीच ठेवली, जशी तुम्ही घातली होती. पन असं नको. लेकाचं अंग घेऊन नको, बाबा. तुम्ही आयुष्यभर कोनाचं घेतलं नाही, बांधाची एक वीत सरकवली नाही. मंग आपल्याच पोराचं काहून घेता?

त्याची पाळी होती. चुकला तो. पन त्याची शिक्षा एवढी नसते. त्याले राखीशी लगन कराचं हाये. त्याले आपल्या नावावर वावराच्या चार बांध्या पाहिजे. त्याले लांजीले जाऊन क्रिकेट पाहाचं हाये. त्याले जाऊ द्या.

परवा प्लास्टर निघालं. मी रविवारी, १६ तारखेले, सकाळच्या गाडीनं येतो. दाखल्याचा अर्ज संग आनतो, अन् भंतेजीले बोलावून तुमचं पुण्यानुमोदन करतो, माय कितीबी आडवी पडू दे. तो शर्ट मी आपल्या हातानं काढून नदीत सोडीन. तोवर अश्विनले सांभाळा. तुमच्याशिवाय कोनाले सांगू?

तुमची,
मास्तरीन


सावरटोला
दि. १३ नोव्हेंबर २०२५

॥ नमो बुद्धाय ॥

चि. संध्या हिस अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र मिळालं. पाय बरा झाला हे वाचून तुह्या मायचा जीव भांड्यात पडला. तू येतेस तं रविवारी तुह्यासाठी नव्या तांदळाचा भात करू. माय आताच चूल सारवून राह्यली.

एक वाईट गोष्ट लिहाची हाये. तुले आल्यावर सांगावं म्हनत होतो, पन तू वाटभर त्याचाच विचार करशील. अश्विन घरी नाही. मंगळवारी संध्याकाळी बांध पाहून येतो म्हनून गेला. नदीले पूर नाही, पानी गुडघ्याएवढं हाये. मोटारसायकल बांधाजवळ उभी सापडली. आम्ही दोघांनी लई हाका मारल्या. माय रडली नाही. ती म्हने का जे गेले ते आले, तोबी येईन.

भारी धान अजून उभा हाये अन् पोपट लई झाले होते. बुजगावनं उघडं होतं, ते तिले पाहावेना. तिनं काल अश्विनचा तो पिवळा शर्ट धुवून त्याले घातला, दहा नंबरचा, तू आनलेला. मडक्यावर नवे डोळे काढले. तेव्हापासून एक पाखरू उतरत नाही. तू येशील तं रस्त्यानं येऊ नको, बांधावरून ये. त्याच्यापाशी थोडी थांब, दोन शब्द बोल. तुह्या मायचं म्हननं असं का खूप वेळ पाहिलं तं तो डोळे मिचकवते. मले चष्म्यातून तेवढं दूरचं दिसत नाही.

काल हप्त्याचा मैसेज आला. आता मीच तिले वाचून दाखवला. गोड केलं होतं, पन तिनं घास तोंडात घेतला नाही. ती विचारत होती का अश्विनचा मैसेज कधी येते. मी तिले काय सांगू. त्या पोराच्या नावावर एक मोटारसायकल सोडली तं कुठं काहीच नाही, म्हनून तो हाये का नाही, हे कोनी आपल्याले कळवनार नाही.

तू अर्ज आनतेस तो आन. त्यात नाव कोनतं लिहाचं, ते आल्यावर ठरवू.

तुहा बाबा,
महागू उके